खोली सात, वापरणारा एक

"खोली सात. पॉइंट एक, वापरणारा एक." सुमीतनं लॅपटॉपवरून वाचलं आणि मान वर केली. "भोयरजी, बरोबर आहे ना? पुढं जाऊ?"

माणिक भोयर खुर्चीच्या कडेवर बसला होता. विद्यापीठाच्या नेटवर्क विभागात एकोणीस वर्षं काढली, पण साहेबलोकांपुढं पाठ टेकून बसणं काही त्याला जमलं नव्हतं. त्यानं आधी सुमीतकडं पाहिलं. हा नागपूरच्या कंपनीचा इंजिनिअर, नवं नेटवर्क बसवायला आलेला. मग त्यानं नमिता मॅडमकडं पाहिलं. त्या संगणक केंद्राच्या प्रमुख, वर्षभरापूर्वीच रुजू झालेल्या. खोली सातमध्ये एक नाही, पाच माणसं संगणकावर काम करतात, हे त्या तिघांत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

"हाव, बरोबर हाय," तो म्हणाला.

"पक्कं ना? नंतर चेंज नाही होणार हं, भैया."

"एकोनीस वर्षं झाले बाप्पा मले. कोन्या भितीत कोनती वायर हाय, झोपेत सांगीन."

मॅडम हसल्या. सुमीत खोली आठवर गेला.

जामच्या चौकापासून तीन किलोमीटर आत असलेल्या ग्रामविद्या विद्यापीठात बारा इमारती होत्या आणि बाराही इमारतींच्या वायरी म्हाताऱ्या झाल्या होत्या. सगळं एकदम बदलायचं म्हटलं तर महिनाभर विद्यापीठाला कुलूप लावावं लागलं असतं. म्हणून आधी एका इमारतीत प्रयोग करायचा, तो सहा महिने नीट चालला तर उरलेल्या अकरा इमारती घ्यायच्या, असं ठरलं. या प्रयोगाला सगळे पायलट म्हणत. पायलटला कोणती इमारत द्यायची यावर तीन बैठका झाल्या. परीक्षा भवनाचं नाव काढलं की परीक्षावाले हात जोडायचे, प्रशासकीय इमारतीचं नाव काढलं की तिथले साहेब डोळे वटारायचे. शेवटी माणिकच म्हणाला होता, "विस्तार भवन घ्या मॅडम. तथं दोन दिवस बंद पडलं तरी बोंबलाले कोनी नाई." मॅडमना ते पटलं. आपल्या शब्दाला किंमत आली म्हणून माणिक त्या दिवशी घरी शीळ घालत गेला होता. माणसाला शहाणपण दाखवायची हौस नसती, तर निम्मी संकटं वाटेतच परत फिरली असती.

खोली सात त्याच विस्तार भवनात होती.

सहा वर्षांपूर्वी तिथं चार कंत्राटी सहायक आल्या होत्या. गावोगावची शिबिरं, बचतगट, त्यांची माहिती संगणकात भरायची हे त्यांचं काम. बाया आल्या, टेबलं आली, संगणकही आले. आलं नाही ते नेटवर्कचं कनेक्शन. खोलीत भिंतीला एकच पॉइंट होता आणि तो कृष्णकांतजींच्या, म्हणजे विभागाच्या कायम लिपिकाच्या टेबलामागं. माणिकनं नव्या वायरींसाठी अर्ज पाठवला, स्मरणपत्र पाठवलं, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र पाठवलं. पाच महिने चौघी जणी हात बांधून बसून राहिल्या. शेवटी विभागप्रमुख म्हणाले, कनेक्शनच नसेल तर या बायकांना ठेवून करायचं काय? दुसऱ्याच दिवशी माणिकनं स्वतःच्या घरचा इंटरनेटचा राऊटर पिशवीत घालून आणला, कृष्णकांतजींच्या कपाटामागं खिळ्याला टांगला आणि एका पॉइंटवर पाच संगणक चालू करून दिले. त्या डब्याचा गुण असा, की पाच जणांचं येणंजाणं तो एकाच दारानं करतो. आत पाच माणसं नांदोत, बाहेरून मोजणाऱ्याला घरात एकच दिसतं. आणि सुमीतचं सॉफ्टवेअर गेले पंधरा दिवस बाहेरूनच मोजत होतं.

मग माणिक खरं का बोलला नाही? त्याला कारण होतं. कारण नसलेला भित्रेपणा फार थोड्या लोकांना परवडतो.

दोन वर्षांपूर्वी ऐन परीक्षेत विद्यापीठात व्हायरस शिरला होता. चौकशी झाली, परिपत्रक निघालं, आणि 'माझ्या देखरेखीखाली एकही अनधिकृत उपकरण नाही' असं माणिककडून लिहून घेतलं गेलं. तेव्हा विद्यापीठभर त्यानं टांगलेले असे चाळीस डब्बे होते. ते काढले असते तर अर्ध्या विद्यापीठाचं काम थांबलं असतं. न काढता कबूल केले असते तर माणिकचं थांबलं असतं. त्यानं सही ठोकली. आता एकोणीस वर्षांनी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्याला कायम करण्याचं प्रकरण समितीपुढं जाणार होतं. त्याला नमिता मॅडमचं स्वच्छ सेवेचं प्रमाणपत्र लागणार होतं. अशा वेळी कपाटामागचा डब्बा कोण बाहेर काढतो?

आणि खरं सांगायचं तर त्याला त्यात फार वावगंही वाटलं नव्हतं. कागदावर एक आणि भिंतीवर दुसरं, यावरच तर विद्यापीठ चाललं होतं. कागद साहेबासाठी असतो, वायर माणसासाठी. पायलट होऊ दे, साहेब लोक फोटो काढून जाऊ देत, मग एखाद्या दुपारी आपण डब्बा परत टांगून देऊ. बायांचं काम दोन दिवससुद्धा थांबणार नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

तक्ता छापून आला. 'पडताळणी करणार' या शब्दांखाली माणिकनं सही केली. सही नेहमीसारखीच आली.

नालवाडीच्या घरी प्रमिलानं विचारलं, "मंग? दिलं का मॅडमनं सर्टिफिकेट?"

"देईन ना. सोमवारी हाय समिती."

"मागच्या खेपेलेबी सोमवारच होता," प्रमिला म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच आठवलं होतं. दर अकरा महिन्यांनी नवऱ्याचा करार संपायचा, एक दिवस त्याला घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नव्यानं नेमायचे. त्या एका दिवशी माणिक आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून वर्ध्याच्या बाजारात उगाच फिरून यायचा; शेजाऱ्यांना घरी दिसायला नको. असे वीस दिवस प्रमिलानं पाहिले होते. पाहुण्यांत ती नवऱ्याला 'युनिव्हर्सिटीत साहेब' म्हणायची आणि लगेच विषय बदलायची.

"या टायमाले होईन," माणिक म्हणाला. "मॅडम चांगल्या हाये."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मोहिनी चाफले संगणक केंद्राच्या पायऱ्यांशी येऊन उभी राहिली. खोली सातमधल्या चौघींपैकी ही एक. जामच्या चौकात तिच्या नवऱ्याचं टायर दुरुस्तीचं दुकान होतं. वरून पूल झाला आणि गाड्या डोक्यावरून जाऊ लागल्या, तेव्हापासून तो दुकानात बसून मोबाईलच पाहत असे. घर मोहिनीच्या नोकरीवर चाललं होतं. आली तेव्हा तिला माउस धरता येत नव्हता. माणिकनंच तिला टंकलेखन शिकवलं होतं, आणि आता ती कृष्णकांतजींच्या दुप्पट वेगानं काम उरकत असे.

"भाऊ, जरा इकडं या ना," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आमचं रिन्यूअल अडकलं."

"काऊन?"

"मले का माहीत? आस्थापनेतले म्हनते, कुलसचिव साहेबानं लिहून पाठवलं. हे पाहा, मोबाईलात फोटो काढून आनला."

माणिकनं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. फोटोतला मजकूर स्वच्छ वाचता येत होता. 'विस्तार भवन, खोली सात येथे प्रत्यक्ष पडताळणीत संगणकाचा वापरकर्ता एकच आढळून आला आहे. सबब, तेथील चार कंत्राटी सहायकांची आवश्यकता नसल्याने त्यांना मुदतवाढ देऊ नये.'

पायलटचा तक्ता वायरी मोजायला केला होता. तो फाईलमधून फाईलमध्ये फिरत कुलसचिवांच्या टेबलावर पोचला आणि तिथं त्याच्यात माणसं मोजली गेली. माणसं कमी करायला साहेबांना निमित्त हवंच होतं. सुंठीवाचून खोकला गेला.

"पडताळनी कोनी केली भाऊ? आमच्या खोलीत तर कोनी आलं नाई," मोहिनी म्हणाली. "तुमी सांगा ना साहेबाले, आमी रोज बसतो म्हनून. तुमाले तर माहीत हाय. आमच्यातली अनुसयाबाई सकाळपासून रडून राह्यली. तिले रिटायर व्हाले दोन वर्षं बी नाई राह्यले आता."

"सांगतो," माणिक म्हणाला. "तू जा. सांगतो मी."

वायर तोडायला जावं आणि कोणाचा तरी हात तुटावा, असं त्याला झालं. मोहिनी चार पावलं गेली आणि वळून म्हणाली, "नव्या नेटवर्कमंदी आमाले एक एक पॉइंट भेटन म्हने. अनुसयाबाईनं तर टेबल बी सरकवून ठेवला भितीकडं."

त्यानं जेवणाचा डबा उघडलाच नाही. तासाभरानं तो नमिता मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि दार लोटून उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: राऊटर, कपाट, पाच माणसं, दोन वर्षांपूर्वीची सही, परवाची सही. मॅडम ऐकत होत्या. ऐकताऐकता त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"भोयरजी, मला हे ऐकायचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मले वाटलं वायरीचाच हिसाब हाय. मागून डब्बा लावून देईन म्हटलं."

"नव्या नेटवर्कवर तुमचा डब्बा चालतच नाही. ओळख नसलेलं उपकरण लागलं की नेटवर्क तो पॉइंट स्वतःच बंद करतं. तेवढ्यासाठी तर आपण ते घेतोय."

हे माणिकला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं ज्या विद्येवर त्यानं विद्यापीठ चालवलं, ती एका वाक्यात निकामी झाली होती.

मॅडमनी खणातून कोरा कागद काढून त्याच्यापुढं ठेवला. "तुम्ही हे सगळं लिहून द्या. मी आजच्या आज कुलसचिवांकडं पाठवते. चौघींची नावं कदाचित वाचतील." मग खिडकीबाहेर पाहत त्या म्हणाल्या, "पण सोमवारी समिती आहे. असा कबुलीजबाब हातात आल्यावर मला तुमचं प्रमाणपत्र देता येणार नाही. देऊ नका असं मी म्हणत नाही, भोयरजी. द्या असंही म्हणत नाही. तुम्ही ठरवा."

बाई वाईट नव्हती. वाईट असती तर माणिकला तिच्यावर चिडता तरी आलं असतं.

तो कागद घेऊन बाहेर आला. सर्व्हर रूममध्ये बसून त्यानं पहिल्या चार ओळी लिहिल्या. 'मी माणिक रूपराव भोयर लिहून देतो की, खोली सातमध्ये प्रत्यक्षात पाच व्यक्ती संगणकावर काम करतात.' मग पेन थांबलं. बायांचा करार महिनाअखेरीला संपणार होता, आणि महिनाअखेर अजून बारा दिवस दूर होती. सोमवारची समिती होऊन जाऊ दे, मंगळवारी सकाळी पहिलं काम हेच करू. पाचसहा दिवसांचाच तर प्रश्न आहे. दोन्ही साधेल. आपलंही होईल, त्यांचंही होईल.

कागदाची घडी करून त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली. गुरुवारी ती खिशात होती, शुक्रवारी होती, शनिवारी प्रमिलानं शर्ट धुवायला टाकला तेव्हा त्यानं ती काढून दुसऱ्या शर्टात घातली. या चार दिवसांत तो विस्तार भवनाकडं फिरकला नाही. कँटीनच्या वाटेवर लांबून अनुसयाबाई दिसली, तर तो ग्रंथालयामागून वळसा घालून गेला. आपण काय करतो आहोत हे त्याला नीट कळत होतं. माणसाला कळत नाही असं फार कमी असतं.

सोमवारी समिती बसली. चार वाजता मॅडमनी त्याला बोलावून स्वतः उभं राहून हात मिळवला. "अभिनंदन. नेटवर्क सहायक, कायम." त्यांच्या डोळ्यांत एक प्रश्न होता, पण त्यांनी तो विचारला नाही. माणिकनं आदेश दोन्ही हातांनी घेतला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं आहे हे त्याचं त्यालाच सांगता येईना. प्रमिलाला फोन लावला तर ती पलीकडून नुसतीच मुसमुसत राहिली आणि मग म्हणाली, "पेढे आनजा."

मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला त्यानं पुरा केलेला कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला.

मॅडमनी वाचला. मग घडी केली, होती तशीच, आणि त्याच्याकडं सरकवली. "भोयरजी, कालच्याच बैठकीत तोही विषय झाला. पायलटचा आराखडा, तक्ता आणि मुदतवाढी, सगळं एकत्रच मंजूर झालं. खोली सातला एक पॉइंट. इतिवृत्तावर सह्या झाल्या."

"पन करार तर महिन्याच्या शेवटी..."

"करार तेव्हा संपतो. निर्णय काल झाला."

"मंग आता हे पाठवा ना मॅडम. माझं जे व्हायचं ते होऊ द्या."

"आता तुमचं काही होणार नाही आणि त्यांचंही काही होणार नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "पाठवलं तर उलट पायलटच संशयात येईल. कुलसचिव ते फाईलला लावणारच नाहीत. बुधवारी दिला असतात तर गोष्ट वेगळी होती." त्यांनी मान खाली घातली. "मी हा कागद पाहिला नाही."

बैल गेला अन् झोपा केला, असं गावाकडं म्हणतात. पण तिथं बैल चोरून नेणारा दुसरा असतो. इथं दावं माणिकनं स्वतःच्या हातानं सोडलं होतं. मॅडमसाठी आणलेला पेढ्यांचा पुडा त्यानं टेबलावर तसाच ठेवला आणि बाहेर आला.

महिनाअखेरीला चौघी गेल्या. निरोप समारंभ वगैरे काही झाला नाही. कंत्राटी माणसाला निरोप देत नाहीत, फक्त त्याचं नाव हजेरीतून गळतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मोहिनी परत आली. या वेळी पायऱ्यांशी थांबली नाही, सरळ सर्व्हर रूमच्या दारात आली. हातात प्लॅस्टिकची फाईल होती.

"परमनंट झाले म्हने, भाऊ."

"हाव," माणिक म्हणाला.

"चांगलं झालं. लय वर्षं घासले तुमी." तिनं फाईल उघडली. "हिंगनघाटले नर्सिंगच्या शाळेत जागा निंगाली हाय. कॉम्प्युटरचा अनुभव मागते. आस्थापनेत गेलती दाखल्याले. ते म्हनते, सहायक होती एवढं लिहून देतो, कॉम्प्युटरचं लिहून देत नाई. रेकॉर्डले तुमी कॉम्प्युटरवर बसतच नोहोत्या."

माणिकनं स्टूल पुढं ओढलं, पण ती बसली नाही.

"मोहिनी," तो म्हणाला, "त्या तक्त्यावर सही माझी हाय."

"माहीत हाय," ती म्हणाली. "कृष्णकांतजीनं दाखवली. लय दिवस झाले."

सर्व्हरचे पंखे घुमत होते. माणिकला वाटलं, हिनं आता दोन शिव्या घालाव्या, फाईल तोंडावर मारावी. तिनं तसं काही केलं नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

"मंग माझ्यापाशी काऊन आली?"

"दुसरं कोन हाय? कृष्णकांतजीले म्हटलं, तर ते म्हनते रिटायर व्हाले माझे दोन वर्षं राह्यले, मले फसवू नको. ज्यानं आमाले तथं बसलेलं पाह्यलं, अन् ज्याच्या सहीले किंमत हाय, असे तुमीच एक." तिनं कागद पुढं केला. मजकूर तिनंच टाइप केला होता, एकही चूक नव्हती. "पहिले असतं तर तुमची सही चालली नसती, भाऊ. कच्च्याची सही कोन घेते? आता चालते."

मजकूर साधा होता. 'श्रीमती मोहिनी चाफले यांनी विस्तार भवन, खोली सात येथे सहा वर्षे संगणकावर माहिती भरण्याचे काम केले आहे. मी ते प्रत्यक्ष पाहिले आहे.' माणिकनं सही केली. सहीखाली आयुष्यात पहिल्यांदा 'नेटवर्क सहायक (कायम)' असं लिहिलं. लिहिताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की अक्षर बारीक होत गेलं. मग खाली त्यानं आपला मोबाईल नंबर घातला.

"ते इथं फोन करतीन," मोहिनी म्हणाली. "आस्थापनेत."

"मलेबी करू दे म्हना. मी सांगतो."

"मागच्या खेपेलेबी तुमी सांगतो म्हनले होते," ती म्हणाली आणि फाईल छातीशी धरून बसस्टॉपकडं गेली.

विस्तार भवनातलं काम सुरू झालं. सुमीतची माणसं भिंतींना नवी पांढरी पट्टी ठोकत होती. खोली सातमध्ये चार टेबलं एकावर एक रचून कोपऱ्यात सरकवली होती. कृष्णकांतजी मान वर न करता एका टेबलाशी काम करत होते, आणि पाच माणसांचं काम एकट्याच्या हातून होत नाही म्हणून रोज कुरकुरत होते. माणिकला तिथं दिवसभर उभं राहावं लागे. कायम माणूस देखरेखीला हवा, असा कंपनीचा नियम होता.

अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"भोयर साहेब बोलताय का?" बाईचा आवाज होता. "हिंगणघाटहून बोलतेय, नर्सिंग शाळेच्या ऑफिसातून."

त्याला भोयर साहेब म्हणणारी ती पहिलीच. माणिक घाईघाईनं खोलीबाहेर व्हरांड्यात आला. "हाव, बोला ना बाई, बोला."

"मोहिनी चाफले यांना तुम्ही दाखला दिलाय. सहा वर्षं संगणकावर काम केलं म्हणून."

"केलं बाई. सहा वर्षं रोज. मीच शिकवलं तिले. तिच्यासारखी भराभरा टाइप करनारी या युनिव्हर्सिटीत दुसरी नाई."

"मुलाखतीत आम्हालाही आवडल्या त्या. पण नियमाप्रमाणे मी तुमच्या आस्थापनेत फोन केला होता. त्यांनी एक तक्ता पाठवलाय. त्यात त्या खोलीत संगणक वापरणारा एकच दाखवलाय."

"तो तक्ता खोटा हाय."

"असं कसं म्हणता? प्रत्यक्ष पडताळणी लिहिलंय त्यावर. कोणी केली ही पडताळणी?"

व्हरांड्यातून लांबवर हायवे दिसत होता. माणिकनं ओठांवरून जीभ फिरवली.

"मी," तो म्हणाला.

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. बाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवून पाहिले असावेत.

"हो, सही तीच आहे," त्या म्हणाल्या. "मग मी यातली कोणती सही खरी धरू, साहेब?"

"दुसरी बाई. आताची. ही खरी हाय, देवाशप्पत. ती पहिली..." समिती, सोमवार, कपाटामागचा डब्बा, वीस वेळा इस्त्रीचा शर्ट घालून फिरलेला बाजार, हे सगळं फोनवर परक्या बाईला कसं सांगायचं?

"बरं. मी आमच्या मॅडमना सांगते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काय सांगणार हे विचारायचं राहून गेलं. माणिकनं तोच नंबर परत लावला. घंटी पुरी वाजून बंद झाली, कोणी उचलला नाही. आतून सुमीत हाक मारत होता, "भोयरजी, खोली सातचा पॉइंट चालू झाला, या ना, बघून घ्या." माणिक भिंतीला टेकला आणि त्यानं नंबर आणखी एकदा लावला.